पुराव्याची चाड

कादंबरी आणि तिच्यावर बेतलेला चित्रपट यांची तुलना करणारे जे लेख अलीकडे आपल्या नियतकालिकांतून वारंवार प्रसिद्ध होतात, त्यांतील बहुतेकांनी मला खेद दिला आहे, आणि तो त्यांच्या मतांमुळे नव्हे, तर त्या मतांना दाखला म्हणून जे पुढे केले जाते त्यामुळे. पुस्तकाची आवृत्ती सांगितलेली नसते, पृष्ठांक नसतो. असतो तो नटाच्या मुलाखतीतला एखादा उद्गार, जाहिरातीतला मजकूर आणि शाळकरी वयात वाचलेल्या पुस्तकाची पुसट आठवण. आणि एवढ्या सामग्रीवर मूळ कृतीचा आत्मा हरवल्याचा निकाल जाहीर होतो.

'सिंहासन'ची (1979) पटकथा विजय तेंडुलकरांनी अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्यांतून सिद्ध केली. तेव्हा एकच कादंबरी चाळून जो तुलनेला बसेल, तो दुसरीतून आलेला प्रसंग दिग्दर्शक जब्बार पटेलांच्या माथी मारील. पटेलांचाच 'उंबरठा' हिंदीत 'सुबह' म्हणूनही निघाला. पाहिली ती प्रत यांपैकी कोणती, आणि त्यामागची शांता निसळ यांची कादंबरी 'बेघर' प्रत्यक्ष उघडली होती काय, याची खातरजमा लेखातच व्हावयास हवी.

हे काम कसे करावे याचा वस्तुपाठ जॉर्ज ब्लूस्टोन यांनी 1957 साली 'नॉव्हेल्स इंटू फिल्म' या ग्रंथात घालून दिला. चित्रीकरणाची पटकथा हाती घेऊन ते चित्रपट पाहत, पडद्यावर जे बदललेले दिसे ते पटकथेत टिपून घेत, आणि मग तीच पटकथा कादंबरीशेजारी ठेवून काय गळले, काय नव्याने आले, कशाचा क्रम फिरला, हे मूळ पुस्तकाच्या पानोपानी नोंदवीत. अशा कष्टातून त्यांनी अवघे सहा चित्रपट तपासले, आणि म्हणूनच कादंबरी व चित्रपट ही दोन भिन्न माध्यमे आहेत हे त्यांचे प्रतिपादन नुसते मत न राहता साधार ठरले. आपल्याकडे अरुण खोपकरांनी गुरुदत्तवरील ग्रंथात चित्रचौकटीकडे ज्या निष्ठेने पाहिले, ती निष्ठा याच कुळातली. गल्ल्याच्या आकड्यांवरून 'नटरंग' वा 'दुनियादारी' यांसारख्या कादंबरीवर बेतलेल्या चित्रपटांचे मूल्य ठरविणारे लेखन मी समीक्षेत धरीत नाही. केवळ पाश्चात्त्य परिभाषेत रमणारे लेखनही नाही.

साने गुरुजींचे 'श्यामची आई' हे पुस्तक तर 1953 मध्ये आचार्य अत्र्यांच्या आणि 2023 मध्ये सुजय डहाके यांच्या हातून पडद्यावर आले. गुरुजींचे निधन त्याआधीच, 11 जून 1950 रोजी झाले. तेव्हा या चित्रपटांविषयी गुरुजींना काय वाटले असते, असे जो लिहितो तो साक्षीदाराच्या पश्चात त्याची जबानी नोंदवीत असतो! गुरुजींचे म्हणून सांगण्याजोगे आपल्याजवळ त्यांचे छापील शब्द आहेत. ते उद्धृत करावेत, आणि नाहीतर गप्प राहावे.

यावर असे सांगण्यात येते की समीक्षा हा रसिकाचा उत्स्फूर्त उद्गार आहे, त्याला संदर्भांचे ओझे कशाला? उद्गार घरी काढावा. छापून तो वाचकापुढे ठेवला, आणि त्यायोगे एखाद्या लेखकावर वा दिग्दर्शकावर दोषारोप केला, की पुराव्याची जबाबदारी आरोप करणाऱ्याची. दिग्दर्शकाने तीस वर्षांनंतर सांगितलेली हकीकतही त्या काळच्या पटकथेशी ताडून पाहिल्यावाचून ग्राह्य धरू नये. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून आहे, ग्रंथालये गावोगावी आहेत; साधनांचा अभाव ही सबब चालणार नाही. म्हणून संपादकांना माझी आग्रहाची विनंती आहे, की तुलनेच्या ज्या लेखात कादंबरीची आवृत्ती आणि चित्रपटाची प्रत यांचा स्पष्ट निर्देश नसेल, तो लेख, मग त्याखाली कोणाचीही सही असो, त्यांनी साभार परत करावा.