सामायिक वेडाचा हिशेब

क्रिकेटवर लिहिताना आपल्याकडे एक विधान हमखास येते : जात, धर्म, भाषा विसरायला लावणारे भारतीयांचे हे एकच वेड. मालेगावात वाढल्यामुळे मला यातले ‘वेड’ मान्य आहे. ‘विसरायला लावणारे’ हे शब्द मात्र तपासून घ्यावेसे वाटतात.

या वेडाची मला सर्वांत पटलेली मीमांसा अर्जुन अप्पादुराई यांची. ‘मॉडर्निटी ॲट लार्ज’ (१९९६) या ग्रंथातील क्रिकेटविषयक प्रकरणात त्यांचा प्रश्न साधा आहे : साहेबाच्या शिष्टाचारात बांधलेला खेळ आपला कसा झाला? संस्थानिकांचा आश्रय, दूरचित्रवाणी, बाजार ही कारणे ते देतातच. पण त्यांचा विशेष भर भाषेवर आहे. देशी भाषांतील समालोचनाने आणि क्रीडानियतकालिकांनी हा खेळ क्लबच्या कुंपणाबाहेर आणला, असे ते मांडतात आणि त्यासाठी मराठीचे दाखले देतात. बाळ ज. पंडित यांचे समालोचन ऐकलेल्या पिढीला याचा पुरावा नको. ज्याने कधी मैदान पाहिले नव्हते, त्याच्याही तोंडी षटक, यष्टी, चौकार हे शब्द बसले होते.

तरीही हा सिद्धान्त आमच्या गावात थोडा अडखळतो. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या विणकरांनी मालेगावच्या कापडधंद्याला आकार दिला. पुढे हातमागाच्या जागी यंत्रमाग आले. चालू मागांच्या खडखडाटात शेजारच्याचे बोलणे कळत नाही, तिथे समालोचन कुठले? माझ्या लहानपणी कोपऱ्यावरच्या हॉटेलात रेडिओ लागे. चहा घेऊन येणारा पोऱ्या कारखान्याच्या दारातूनच बोटांनी धावा दाखवी आणि मूठ उघडून गडी बाद झाल्याचे सांगे. लाइट गेली की माग थांबत आणि सेलवरचा रेडिओ आतपर्यंत ऐकू येई. पण मजुरी कापडावर. माग थांबला की तीही थांबली. तोच अर्धा तास शाळकरी मुलाला पर्वणी होता आणि मागवाल्याला तोटा. वेड दोघांचे होते, पण त्याची किंमत एकालाच मोजावी लागत होती. अप्पादुराईंच्या विवेचनातला श्रोता रेडिओजवळ बसू शकतो. हा मागवाला त्यात सहज मावत नाही.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. वेड वाढले की भेद आपोआप विरतात का? मुंबईच्या सामन्यांचा इतिहास तसे सांगत नाही. १९१२ पासून युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम अशी चौरंगी स्पर्धा सुरू झाली. १९३७ मध्ये ‘शेष’ संघ येऊन ती पंचरंगी झाली. संघांची विभागणीच धर्मावर होती आणि गर्दी तर लोटत होती. १९४० मध्ये गांधीजींनी या विभागणीला विरोध केला, तरी स्पर्धा आणखी काही वर्षे चालली. १९४३ मध्ये सांगलीच्या विजय हजारे यांनी शेष संघाकडून हिंदू संघाविरुद्ध ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने केल्या. हजारे ख्रिस्ती म्हणून ‘शेष’मध्ये होते. रामचंद्र गुहा यांच्या ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ (२००२) या ग्रंथाचे मोल मला इथे वाटते : खेळावरचे प्रेम आणि समाजातली फूट एकाच मैदानावर कशी नांदली, हे तो दाखवतो.

आता मोसम नदीकडे येतो. तिच्या दोन काठांवरच्या वस्त्या वेगळ्या, हे मालेगावकराला सांगावे लागत नाही. शुक्रवारी माग बंद असत, तेव्हा नदीपलीकडे जागा मिळेल तिथे डाव रंगत. माझा एक वर्गमित्र तिकडचा. आम्ही दोघेही वसीम अक्रमच्या यॉर्करवर फिदा होतो. एकदा भारत-पाकिस्तान सामन्यानंतर वर्गात मी त्याची वाहवा केली. पोरे म्हणाली, ‘याला क्रिकेट कळतं.’ मित्राने तेच म्हटले आणि वर्ग गप्प झाला. नंतर अशा सामन्याच्या दुसऱ्या दिवशी तो सचिनबद्दलच बोले, तेही जरा मोठ्याने.

अप्पादुराई भारत-पाकिस्तान सामन्यांतील वैराची दखल घेतात. माझी भर एवढीच की, त्या वैराचा हिशेब सीमेवर नव्हे, आमच्या बाकावर होत होता. माझ्या तोंडी जी जाणकारी ठरली, तीच त्याच्या तोंडी कबुली ठरली. म्हणून ‘सामायिक वेड’ हा शब्द समीक्षेने जपून वापरावा. सर्वांनी एकच सामना पाहिला, एवढ्याने वेड सामायिक ठरत नाही. समोरच्या संघाच्या चांगल्या चेंडूला मनमोकळी दाद देण्याची मुभा ज्या वर्गात सर्वांना आहे, तिथे ते सामायिक. आमच्या वर्गात ती मला होती, त्याला नव्हती. आणि त्या दिवशी गप्प बसलेल्यांत मीही होतो.