तर आणि तम

तारतम्य हा शब्द आपण नित्य वापरतों. परंतु त्याच्या पोटांत काय आहे याचा विचार क्वचितच करतों. संस्कृतांतील ‘तर’ हा प्रत्यय दोहोंमधील अधिकउणें दाखवितो. ‘तम’ हा सर्वांहून अधिक तें दाखवितो. या दोन पायऱ्यांचें भान ज्यास आहे त्याच्या अंगीं तारतम्य आहे असें आपण म्हणतों. सांप्रत यंत्रांविषयीं जें बोललें व लिहिलें जातें त्यांतून ‘तर’ जवळजवळ लोपला असून ‘तम’ मात्र उदंड झाला आहे. २०२२ च्या नोव्हेंबरांत माणसासारखा मजकूर लिहून देणारें यंत्र सर्वांच्या हातीं आलें, तेव्हांपासून हा वाद घरोघर शिरला आहे. एकाच्या मतें हा मानवी बुद्धीचा अंत, दुसऱ्याच्या मतें सुवर्णयुगाचा आरंभ! आणि असा वाद निघाला कीं गांधीजींच्या ‘हिंद स्वराज्य’ या लहानशा पुस्तकाचें नांव कोणीतरी काढतोच. कोणी ढाल म्हणून, कोणी टवाळीसाठीं. म्हणून वादाचा एक नमुना या दृष्टीनें तें पुन्हा वाचून पाहावें असें आम्हांस वाटलें. त्यांतील राजकारणाशीं येथें आम्हांस कर्तव्य नाहीं.

हें पुस्तक १९०९ च्या नोव्हेंबरांत, लंडनहून दक्षिण आफ्रिकेस परततांना, ‘किल्डोनन कॅसल’ या बोटीवर गुजरातींत लिहिलें गेलें. दहा दिवसांत तें पुरें झालें. उजवा हात थकला तेव्हां गांधीजींनीं डाव्या हातानें लिहिलें. १९१० सालीं मुंबई सरकारनें त्यावर बंदी घातली, आणि त्याच वर्षीं लेखकानेंच केलेलें इंग्रजी भाषांतर बाहेर पडलें. वीस प्रकरणांचें हें पुस्तक ‘वाचक’ आणि ‘अधिपति’ यांच्या संवादाच्या रूपानें रचलेलें आहे. संवाद म्हटला कीं प्रतिपक्षास बोलण्याची मुभा मिळाली असा आपला समज होतो.

परंतु येथेंच आमचा पहिला आक्षेप आहे. हा वाचक फार लवकर हार खातो. रेल्वेनें प्लेग पसरला, धान्य महागड्या बाजाराकडे ओढलें जाऊन दुष्काळ वाढले, असें अधिपति सांगतो. त्यावर वाचक एवढेंच म्हणतो कीं चांगल्या माणसांसहि रेल्वेचा उपयोग होईल. तीच रेल्वे दुष्काळी मुलखांत धान्य पोंचवूं शकते, हा रोकडा मुद्दा त्यास सुचत नाहीं. यंत्रांच्या प्रकरणांत मात्र तो एक नामी प्रश्न टाकतो: हें सारें छापलें जाणार तें यंत्रावरच ना? उत्तर येतें कीं विषानें विषाचा उतारा होतो. उपमा चटकदार आहे; परंतु उपमेनें प्रश्न मिटत नाहीं. विषाचें औषध केव्हां होतें आणि किती मात्रेनें होतें, हेंच तर ठरवावयाचें असतें.

नामदार गोखले यांनीं १९१२ सालीं दक्षिण आफ्रिकेंत हें पुस्तक पाहिलें, तेव्हां तें त्यांस कच्चें व घाईचें वाटलें. हिंदुस्थानांत वर्षभर राहिल्यावर गांधी आपणच तें नष्ट करतील असें भाकित त्यांनीं केल्याचें महादेवभाई देसाई यांनीं नमूद केलें आहे. भाकित खोटें ठरलें. १९४५ सालीं नेहरूंस लिहिलेल्या पत्रांतहि गांधीजींनीं या पुस्तकाचा पक्ष सोडला नाहीं. मग गोखल्यांची टीका चुकली काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. दोष त्यांनीं अचूक ओळखला होता. परंतु लिहिलेलें फाडणें आणि अक्षरशः पाळणें यांखेरीज एक तिसरा मार्ग असतो. तो म्हणजे आपल्या लिखाणास आपल्या आयुष्यानें टीपा जोडीत जाणें.

गांधीजींनीं तेंच केलें. रेल्वे व रुग्णालयें मोडून टाकणें हें आपलें उद्दिष्ट नव्हे, असा खुलासा त्यांनीं १९२१ सालींच केला. पुढें १९२४ च्या जानेवारींत, येरवड्याचे कैदी असतां, पुण्याच्या ससून रुग्णालयांत कर्नल मॅडॉक यांनीं त्यांच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया केली. मध्येंच विजेचा दिवा गेला आणि उरलेलें काम कंदिलाच्या उजेडांत झालें. त्याच वर्षीं रामचंद्रन् या तरुणानें त्यांस सरळ विचारलें कीं आपण सर्वच यंत्रांच्या विरुद्ध आहां काय. पुस्तकांतल्या वाचकास जें साधलें नाहीं तें या जिवंत वाचकानें साधलें. आपला विरोध यंत्रास नसून यंत्राच्या वेडास आहे, असें सांगून गांधीजींनीं सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. तरुण तेथेंच थांबला नाहीं. शिवणयंत्रें करावयास कारखाना लागेल त्याचें काय? तो लागेलच, परंतु तो राष्ट्राच्या ताब्यांत असावा, असें उत्तर आलें. १९२९ सालीं तर चरखासंघानें सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें बक्षीस लाविलें. यंत्र खेड्यांतील झोंपडींत चालावें, एका स्त्रीस आठ तास फारसे श्रम न होतां चालवितां यावें, किंमत दीडशें रुपयांहून अधिक नसावी, अशा त्याच्या अटी होत्या. आमच्या मतें तारतम्याची उत्तम व्याख्या या अटींतच आहे. यंत्र बरें कीं वाईट हा प्रश्न तेथें उरतच नाहीं. कोणासाठीं, कोठें, किती किंमतीस, असे प्रश्न त्याच्या जागीं येतात.

हें सारें आम्ही वर्गांत अनेक वर्षें शिकवीत आलों. परंतु परीक्षेची वेळ आली तेव्हां आम्हीच नापास झालों. विद्यार्थ्यांचे निबंध यंत्राकडून लिहून येऊं लागले, तेव्हां निबंधलेखनांत कोणत्याहि यंत्राचें साहाय्य निषिद्ध असा ठराव आम्हीं अध्यापकांच्या सभेंत मांडला व तो एकमतानें संमत झाला. दुसऱ्या दिवशीं एक अंध विद्यार्थी आमच्याकडे आला. “सर, पुस्तक मला यंत्रच वाचून दाखवतं आणि मी सांगतो तें तेंच उतरून घेतं. मी काय करूं?” त्याच्या आवाजांत तक्रार नव्हती, त्यामुळेंच आम्ही अधिक ओशाळलों. आमच्या ठरावांत ‘कोणत्याहि’ हा एक शब्द होता, आणि त्या शब्दानें एका मुलाचे डोळे काढून घेतले होते.

ठराव दुरुस्त झाला. परंतु एका अपवादामागून दुसरा येतोच. उद्यां कोणी म्हणेल कीं इंग्रजी कच्चें असल्यामुळें मलाहि सवलत द्या. तेव्हां कसोटी हवी. त्या मुलाचें यंत्र त्याच्या डोळ्यांचें काम करतें, विचाराचें करीत नाहीं. आणि निबंध हा विचाराच्या तालमीसाठीं असतो. तालमींत दुसऱ्यानें जोर काढले तर आपला दंड भरत नाहीं. ही कसोटी प्रत्येक प्रसंगीं नव्यानें लावावी लागते, हें कबूल. ते श्रम टाळतां येत नाहींत.

तारतम्य म्हणजे कुंपणावर बसणें, असें समजणाऱ्यांस एवढेंच सांगावयाचें आहे. ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे’ असें म्हणून जो उठून जातो त्यानें विचारास आरंभच केलेला नसतो. कोणत्या बाजूंत किती तथ्य आहे आणि त्याचें मोल कोण देतो, हें सांगितल्यावांचून त्यास उठतां येऊं नये. त्या मुलानें गेल्या सत्रांत निबंध लिहिला. त्यांत चुका होत्या. त्या सर्व त्याच्या स्वतःच्या होत्या. आम्हीं त्या तांबड्या शाईनें दाखविल्या नाहींत, त्याच्याजवळ बसून वाचून दाखविल्या.