ज्यूरीच्या बाकावरचा गुन्हेगार

टॉलस्टॉय यांच्या ‘पुनरुत्थान’ (१८९९) या कादंबरीतील न्यायालयाचा प्रसंग आम्हांस सर्वांत मर्मभेदी वाटतो. आत्यांच्या घरी वाढलेल्या कात्यूशाला शीलभ्रष्ट करून १०० रुबलची नोट तिच्या हाती कोंबणारा उमराव नेख्लुदॉव ज्यूरीत बसला आहे. पिंजऱ्यात उभी आहे ती. ज्यूरीच्या निवाड्यात ‘ठार मारण्याच्या हेतूविना’ एवढे शब्द लिहावयाचे राहतात आणि तिला सक्तमजुरी होते. नेख्लुदॉवला मात्र कोणी काही विचारीतच नाही. पुण्यात मे २०२४ मध्ये भरधाव मोटारीच्या धडकेने दोघांचा बळी गेला. आरोपी धनिकपुत्र अल्पवयीन, त्यास जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहावयास सांगितले गेले, तेव्हा आम्हांस ती नोट आठवली. कादंबरीत पुढे उपदेश फार आहे. तरी नेख्लुदॉव विवाहास सिद्ध झाल्यावर कात्यूशा त्यास नकार देते, एवढ्यासाठी टॉलस्टॉयना आम्ही तो उपदेश माफ करतो.