रिकव्हरी किती पडली?

कागल तालुक्यातल्या बिद्रीला दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना आहे. या पट्ट्यात 'रिकव्हरी' हा शब्द इंग्रजी न शिकलेल्याच्याही तोंडी असतो. कारखान्यावर तिचा अर्थ उसातून निघालेली साखर. शंभर किलो उसातून बारा किलो निघाली तर रिकव्हरी बारा. सोसायटीत रिकव्हरी म्हणजे थकलेल्या कर्जाची वसुली. दवाखान्यात 'रिकव्हरी चांगली आहे' म्हणजे रोगी सुधारतो आहे.

या तिन्ही ठिकाणी आपल्याकडे शब्द होते. 'उतारा' काय वाईट होता? सातबाराचा उतारा, विषावरचा उतारा, धड्यातला उतारा, तसा उसाचाही उतारा. 'वसूल' तर 'पोहोचणे' या अर्थाच्या अरबी शब्दावरून आलेला. तो अरबी आहे हे आज सांगावे लागते, इतका तो इथला झाला.

आनंद यादव याच कागलचे. त्यांच्या 'गोतावळा' (१९७१) या कादंबरीत ट्रॅक्टर येतो, त्याचा शब्द यंत्राबरोबरच येतो. कुणा मराठी शब्दाला उठवून तो बसलेला नाही. रिकव्हरी मात्र भरल्या घरात शिरली. आमचा आक्षेप तिच्या इंग्रजीपणाला नाही, आमच्या लेखकांच्या कानाला आहे. ग्रामीण कथेत असे शब्द बहुधा विनोदासाठी येतात. पात्र मोडके इंग्रजी बोलते, वाचक हसतो, आणि शब्दामागचा व्यवहार राहून जातो.

तो व्यवहार असा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के रिकव्हरीला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली. त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जादा. दशांशातला एक आकडा शेतकऱ्याच्या घरातली फी किंवा लग्न ठरवतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन हप्त्यांत देण्याचा, अंतिम हिशेब हंगाम संपल्यावर त्याच हंगामाच्या रिकव्हरीवर करण्याचा निर्णय काढला. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. रिकव्हरी कोणत्या सालची धरायची, यावर तीन वर्षे भांडण चालले.

आणि बिल निघाले की सोसायटीचे पीककर्ज त्यातून आधीच वळते होते. म्हणजे एका रिकव्हरीवर ठरलेला पैसा दुसऱ्या रिकव्हरीत जातो, आणि उरलाच तर तिसरीसाठी, दवाखान्यात. हे सगळे एकाच शब्दात बोलले जाते, तेही एकाच ओट्यावर, आणि ऐकणाऱ्याला कधी कोणती रिकव्हरी हे विचारावे लागत नाही. या ओट्यावरची कथा आम्हांला अजून वाचायला मिळालेली नाही.