एक डॉलर, वीस डॉलर आणि वगळलेले अकरा जण

सामाजिक मानसशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ यांचा १९५९ चा प्रयोग असतो. नेट-सेटसाठी तो पाठ असतोच. पण मूळ पेपर किती जणांनी वाचलाय?

आधी प्रयोग थोडक्यात. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांना तासभर कंटाळवाणं काम दिलं: ट्रेमध्ये रिळं भरायची, काढायची, मग फळीवरच्या खुंट्या फिरवत बसायचं. त्यानंतर काहींना एक डॉलर, काहींना वीस डॉलर देऊन बाहेर थांबलेल्या मुलीला ‘काम मजेशीर आहे’ असं सांगायला लावलं. शेवटी त्यांना स्वतःला काम कितपत आवडलं ते विचारलं. उणे ५ ते अधिक ५ या मापावर वीस डॉलरवाल्यांची सरासरी −०.०५, एक डॉलरवाल्यांची +१.३५ आणि खोटं बोलावं न लागलेल्यांची −०.४५ आली.

फेस्टिंगरचं म्हणणं असं, की वीस डॉलर हे खोटं बोलायला पुरेसं कारण आहे, एक डॉलर नाही. मग माणूस ‘काम तसं बरंच होतं’ असं मानून मनातली विसंगती मिटवतो.

आता पेपर नीट वाचा. एकूण ७१ जण होते, विश्लेषणात ६० उरले, प्रत्येक गटात २०. वगळलेले अकराही जण पैसे देऊ केलेल्या गटांतलेच. पाच जणांना संशय आला होता, तिघांनी पैसे घ्यायला नकार दिला, दोघांनी मुलीला खरं सांगून टाकलं आणि एकाने तिचा फोन नंबर मागितला. म्हणजे ज्यांनी खोटं बोलायचंच नाकारलं, ते आकडेवारीतून गेले! लेखकांनी हे लपवलेलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. पण प्रत्येक गटात वीसच जण असताना एवढी गळती लहान नाही.

दुसरा आक्षेप डॅरिल बेमचा, १९६७ चा. आतून अस्वस्थता वाटायलाच हवी असं नाही. आपण काय केलं हे पाहून माणूस स्वतःचं मत ओळखतो, जसं दुसऱ्याचं ओळखतो. आकडे तेच, स्पष्टीकरण वेगळं.

तिसरी गोष्ट ताजी आहे. २०२४ मध्ये ३९ प्रयोगशाळांचा, जवळपास ४,९०० जणांवरचा अभ्यास आला. त्यात पैसे नव्हते. स्वतःच्या मताविरुद्ध निबंध लिहायचा होता. ‘लिहायचं की नाही ते तुम्ही ठरवा’ असं सांगितलेल्यांचं मत जास्त बदलेल, हा सिद्धांताचा अंदाज खरा ठरला नाही. मात्र तटस्थ विषयावर लिहिणाऱ्यांच्या तुलनेत मताविरुद्ध लिहिणाऱ्यांचं मत सरकलं.

तेव्हा वागण्यामागून मत सरकतं, एवढं म्हणायला आधार आहे. ते का सरकतं, हा प्रश्न अजून उघडा आहे. सिनॉप्सिसमध्ये ही दोन विधानं वेगळी ठेवा. आणि कोणाला वगळायचं याचे नियम डेटा हातात येण्याआधीच लिहून ठेवा. एका विषयात तीन-चार वर्षं घातल्यावर ‘माझा सिद्धांत बरोबरच आहे’ असं वाटायला आपल्याला एक डॉलरसुद्धा लागत नाही.