'फँटास्टीस' : मीलनावाचून प्रणयकथा

जॉर्ज मॅकडोनल्ड या स्कॉटिश लेखकाची 'फँटास्टीस' ही कादंबरी १८५८ साली प्रसिद्ध झाली. स्त्रीपुरुषांसाठी लिहिलेली परीलोकाची अद्भुतकथा, असे तिचे उपशीर्षक आहे; ती केवळ मुलांसाठी नव्हे, हे लेखकाने आरंभीच बजावले आहे. एकविसाव्या वाढदिवशी पित्याच्या जुन्या लेखनपेटिकेचा चोरकप्पा उघडणारा अनोडॉस दुसऱ्या सकाळी जागा होतो, तो तोंड धुण्याच्या पात्रातून पाणी ओसंडून वाहत असते, गालिच्याचे गवत होत असते आणि मेजावर कोरलेल्या वेलीला खरी पालवी फुटत असते. एका जगातून दुसऱ्या जगात जाण्याचे द्वार इतक्या सहजतेने क्वचितच कोणी उघडले असेल. येथे दार नाहीच. घरच अरण्य होते.

या आरंभाने जे आश्वासन दिले, ते पुढील भागात सर्वत्र पाळले गेले आहे असे मात्र म्हणता येत नाही. अ‍ॅश वृक्षाचे पिशाच्च, बीच वृक्षाची प्रेमळ स्त्री, परींचा प्रासाद, राक्षसांशी युद्ध असे प्रसंग एकामागून एक येतात. पण त्यांत कार्यकारणाचा धागा शोधू जावे तर तो हाती लागत नाही. स्वप्नाला तर्क नसतो, हे समर्थन लेखकाच्या बाजूने होऊ शकेल. नोव्हालिससारख्या जर्मन रोमँटिकांचे संस्कार त्याच्यावर होतेच. परंतु स्वप्नाला तर्क नसला तरी लय असते, आणि मधली कित्येक प्रकरणे ती लय गमावून बसली आहेत. जागोजागी पेरलेली गीतेही बरीचशी सामान्य आहेत. ज्या कथेत गीताच्या सामर्थ्याने शिळेतील स्त्री जागी होते, तेथे गीत दुबळे असणे हा किरकोळ दोष मानता येत नाही.

ही संगमरवरी स्त्री हाच कादंबरीचा गाभा. अनोडॉस तिला गाऊन मुक्त करतो, आणि ती पळून जाते. प्रासादात तो पुन्हा गातो. या वेळी मात्र तो तिला स्पर्श करतो, आणि ती पुन्हा दुरावते. पुढे एका वृद्धेच्या चार दारांच्या कुटीतून तिच्या गृहजीवनाचे दर्शन त्याला घडते. ती अनोडॉसचे ऋण मानते, पण तिचे प्रेम त्या वीरावर आहे. आपल्याकडे 'मुक्तामाला' १८६१ साली आली आणि अद्भुतरम्य कादंबरीची प्रथा पडली. त्या प्रथेत सारे अद्भुत शेवटी नायकनायिकांच्या मीलनाच्या सेवेला लागते. मॅकडोनल्ड तेच अद्भुत नायकाला मीलनाची आशा सोडावयास लावण्यासाठी राबवतो. हे धैर्य असामान्य आहे. तरीही एक शल्य उरते : त्यागाचा सारा गौरव अनोडॉसच्या पदरी पडतो आणि जिच्यासाठी हा त्याग, ती स्त्री मात्र जवळजवळ मूर्तीच राहते. शिळेतून ती सुटली, लेखकाच्या आदर्शातून सुटली नाही.

याला अपवाद आहे तो कॉस्मोच्या उपकथेचा. प्राग नगरीतील हा निर्धन विद्यार्थी एक जुना आरसा विकत घेतो आणि त्यात रोज एका राजकुमारीचे प्रतिबिंब पाहतो. ती त्या आरशाची बंदिनी आहे. आरसा फोडावा तर ती मुक्त होईल, पण कदाचित कायमची अंतरेलही. कॉस्मो क्षणभर कचरतो. त्या क्षणात प्रेम आणि स्वामित्वाची लालसा यांतील भेद जितका प्रत्ययकारी झाला आहे, तितका अनोडॉसच्या साऱ्या भ्रमंतीत झालेला नाही. येथे राजकुमारी बोलते, विनवते, कॉस्मोच्या प्रेमाची परीक्षा घेते. अखेर आरसा फुटतो आणि कॉस्मो तिच्या बाहूंत प्राण सोडतो.

सी. एस. लुईस याने ही कादंबरी ऐन तारुण्यात, १९१६ साली वाचली आणि आयुष्यभर तिचे ऋण मानले. तरी १९४६ साली मॅकडोनल्डच्या वेच्यांचे संपादन करताना, शब्दांचा कलावंत म्हणून त्याला पहिल्या पंक्तीत बसवता येत नाही, त्याचे सामर्थ्य मिथकनिर्मितीत आहे, असा निवाडा त्याने दिला. तो न्याय्य आहे. फक्त कॉस्मोच्या कथेपुरता तो कठोर ठरतो.

अनोडॉस परीलोकात मरतो आणि प्रेमाची परतफेड न मागता प्रेम करण्याचा आनंद त्याला मृत्यूतच गवसतो. मग तो घरी परततो : बहिणींच्या लेखी एकवीस दिवस गेलेले, त्याला मात्र एकवीस वर्षे वाटलेली. आता इस्टेटीची व्यवस्था, नोकरचाकर, आप्त यांच्यात त्याला राहावयाचे आहे. निरपेक्ष प्रेमाची खरी कसोटी जेथे लागावयाची, त्या जगाला मॅकडोनल्डने अखेरचे एक छोटे प्रकरण दिले आहे.