हौशी चित्रण : स्मृती आणि पुरावा

पुण्यातील फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी २०१५ मध्ये गजेंद्र चौहान यांच्या अध्यक्षपदी झालेल्या नियुक्तीविरुद्ध १३९ दिवस संप केला. तेथे विद्यार्थ्यांनी केलेले चित्रण पायल कपाडिया यांच्या ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ (२०२१) या माहितीपटात येते. कान महोत्सवात त्यास सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा पुरस्कार लाभला.

जातीमुळे प्रियकर दुरावलेल्या ‘एल’ या विद्यार्थिनीची काल्पनिक पत्रे आणि आंदोलनाची प्रत्यक्ष दृश्ये यांची गुंफण हे या कृतीचे वैशिष्ट्य होय. तिच्यातील कृष्णधवल, कणीदार प्रतिमा एका पिढीची स्मृती समर्थपणे साकारतात. तथापि, मर्यादाही येथेच जाणवते. पुणे व दिल्ली येथील दृश्ये एकाच धूसरतेत मिसळतात. कोणते दृश्य कोठले, कधीचे, कोणी टिपलेले, हे प्रेक्षकास नेहमी उमगत नाही. याउलट, जामिया मिलियाच्या ग्रंथालयातील पोलिसांच्या लाठीमाराचे (डिसेंबर २०१९) सीसीटीव्ही चित्रण आपल्या स्थिर चौकटीमुळेच साक्ष ठरते.

कलाकृतीने स्मृती घडवावी, हे योग्यच. परंतु त्यामुळे पुराव्याचे काम संपत नाही. म्हणून अशा मूळ चित्रफिती स्थळ व दिनांकाच्या नोंदींसह जतन करणे, हे महाविद्यालयीन ग्रंथालयांचेही कर्तव्य ठरते.